चांगुणाबाईचे साठ ट्रे

चांगुणाबाई मोजायची कानडीत, बोलायची मराठीत आणि रागावली की दखनीत. फोन कुणाचाही असो, आधी 'जय भीम' म्हणायची, मग 'कोण?' विचारायची. शेडनेटमध्ये शिरताना चपला बाहेर काढून ठेवायची. बाकी कुणी काढत नसे. चहा उभ्यानंच प्यायची. उसाच्या जातींचे नंबर तिला कधी पाठ झाले नाहीत. रोपांना ती गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव द्यायची: हे हळ्ळीखेडचं, हे घाटबोरळचं. भाकरी खाताना उन्हाकडे पाठ करून बसायची. ताडपत्रीखाली हात घालायची तो पालथा. तळव्याला ऊब कळत नाही म्हणायची, तळवा कामानं मेलेला असतो.

हे सगळं शैलश्रीला पाठ होतं. तिनं ते पाठ केलं नव्हतं. चार वर्षं रोज पाहिलं होतं, एवढंच.

दुबलगुंडीच्या शिवारात, हुमनाबादकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, चन्नबसप्पांची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. शैलश्री त्यांची धाकटी मुलगी. उदगीरला राहून मराठीत एम. ए. करून आली. कुठल्यातरी कॉलेजात जागा निघेल म्हणून थांबली आणि थांबता थांबता नर्सरीचा फोन सांभाळू लागली. चांगुणाबाई तिथं तिच्याआधी आठ वर्षं होती. वय पन्नाशीच्या अलीकडचं. नवरा जाऊन बराच काळ झालेला. मुलगा नागेश जहीराबादला कारखान्यात होता, महिना दोन महिन्यांनी यायचा. दोघींच्या वयात वीस-बावीस वर्षांचं अंतर. पण नर्सरीत बोलायला दुसरं कोण होतं? शैलश्री तिला अक्का म्हणायची. ती शैलश्रीला शैला म्हणायची आणि काम चुकलं की शैले.

काम सांगायला सोपं आहे. उसाच्या कांडीवरचा एकेक डोळा यंत्रानं काढायचा. डोळे औषधाच्या पाण्यात बुडवायचे. बेचाळीस कपांच्या ट्रेमध्ये नारळाचा भुसा भरायचा, प्रत्येक कपात एक डोळा ठेवायचा, वर पुन्हा भुसा. मग ट्रेवर ट्रे रचायचे. सगळा ढीग ताडपत्रीनं घट्ट झाकायचा आणि कडेनं दगड ठेवायचे. आत ऊब धरते. अंधार असतो. उन्हाळ्यात पाच दिवसांत आणि थंडीत आठ-नऊ दिवसांत कोंब वर येतो. तो हिरवा नसतो. पांढरा असतो, टोकाशी जरासा पिवळा. तेव्हा ढीग उघडायचा, ट्रे शेडनेटच्या सावलीत मांडायचे आणि पुढं महिनाभर सांभाळायचे.

अवघड एवढंच की उघडायचा कधी. लवकर उघडला तर थंडीत डोळे बसून राहतात. एक दिवस उशीर झाला तर कोंब उजेड शोधत नुसते लांबतात. लांबलेला कोंब हात लागताच मोडतो. तो दिवस चांगुणाबाई सांगायची. ताडपत्रीची कड उचलून पालथा हात आत घालायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "उद्या." किंवा, "न्हाई, परवा." तिचा परवा कधी चुकला नाही.

एकदाच गोंधळ झाला, तोही ती नसताना. शैलश्रीची नर्सरीतली पहिली थंडी होती ती. चांगुणाबाई भाचीच्या लग्नाला कलबुर्गीला गेली होती. जाताना सांगून गेली होती तसा ढीग उघडला, शंभर ट्रे मांडले. शेजारच्या रानाचे गुंडेराव सहज डोकावले आणि ओरडले, "चन्नबसप्पा, केवडा पडलाय की हो तुमच्या रोपाला!"

केवडा म्हणजे ऊस पांढरा-पिवळा पडतो तो. जमिनीत लोह कमी पडलं की पडतो. त्याला हिराकस फवारतात. चन्नबसप्पांचा सगळा जन्म उसात गेलेला. पण उसाला ते लावल्यानंतर बघायचे. ताडपत्रीखालून निघालेल्या कोंबांकडे त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याच संध्याकाळी हिराकस कालवून शंभर ट्रेवर मारलं. सकाळी कोंबांची टोकं तांबडी होऊन जळाली होती.

चांगुणाबाई परत आली. ट्रे पाहिले. आधी दखनीत सुटली. ते शैलश्रीला नीट कळलं नाही, चन्नबसप्पांना कळलं असावं. मग मराठीत आली. "अण्णा, ह्यो केवडा न्हाई. उजेडच बघितला न्हाई त्यनं अजून. ज्यानं काय खाल्लंच न्हाई त्येला औषिद कामून पाजायलाव?"

"गुंडेराव म्हणाला," चन्नबसप्पा म्हणाले.

"गुंडेरावाला टकलावर केस यायचं औषिद सांगा म्हणावं. मग रोपाचं बघू."

चन्नबसप्पा हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सगळ्या कामगारांना उभं करून त्यांनी सांगितलं, "चांगुणाला इचारल्याबिगर ताडपत्रीला कुणी हात लावायचा न्हाई. मी बी न्हाई."

त्या दिवशी शैलश्रीनं फोनवर शोधून वाचलं. दुपारी भाकरी खाताना अक्काला सांगितलं. पानाच्या आत बारीक दाणे असतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. पान हिरवं असतं ते त्यांच्यामुळं, आणि पान आपलं अन्न करतं ते त्यांच्यातच. अंधारात वाढलेल्या पानातही हे दाणे असतात. पण ते हिरवे नसतात. आत सगळं जाळीसारखं गुंडाळून ठेवलेलं असतं. उजेड पडला की त्या जाळीत साठलेला एक फिकट पदार्थ पहिल्यांदा बदलतो, हिरव्याच्या वाटेला लागतो. मग जाळी सुटते. तिचे पापुद्रे पसरतात, एकावर एक थर बसत जातात. दाणा मोठा होतो, हिरवा होतो. एक-दोन दिवसांत पान हिरवं दिसू लागतं. तोपर्यंत कोंब कांडीतल्या साठवणीवर जगतो.

चांगुणाबाईनं भाकरी तशीच हातात धरली. "पयला बदल किती येळात म्हणालीस?"

"लगेच. उजेड पडल्या पडल्या."

"आन आपुन दोन दिस बघत बसतो."

"आपल्याला दिसायला दोन दिवस लागत्यात, अक्का."

"मग एकदम उन्हात ठिवलं तर कामून जळतंय?"

"दाणा अर्धाच तयार झालेला असतोय. तेवढा उजेड त्याला सोसत न्हाई. त्याच उजेडानं आतून जळतंय."

तिनं हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे मला म्हाईत व्हतं ते. पर कामून ते म्हाईत नव्हतं." त्यानंतर ती ढीग एकदम उघडेनाशी झाली. एकेक ट्रे काढायची आणि बाकीच्यांवर ताडपत्री पुन्हा ओढायची. वेळ दुप्पट लागायचा. कामगार बाया चिडवायच्या, "चांगुणाबाई, लेकराला पांघरूण घालायलीस का?" ती म्हणायची, "व्हय. तुमच्या घरात घालत न्हाईत व्हय?"

नर्सरीला सुट्टी अमावस्येची. त्या भागात अमावस्येला नवं काम कुणी काढत नाही, गॅरेजंसुद्धा बंद असतात. ट्रेला मात्र अमावस्या कळत नाही. ज्या ढिगाचा दिवस अमावस्येला यायचा तो दुसऱ्या दिवशी लांबलेला निघायचा. चांगुणाबाई बौद्ध घरातली. अमावस्या तिच्या लेखी कॅलेंडरातला काळा ठिपका. ती अमावस्येला एकटी यायची, ढीग उघडायची, ट्रे मांडून जायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. चन्नबसप्पा दुसऱ्या दिवशी मांडलेले ट्रे पाहून विचारायचे, "काल कोण आलतं गं?"

"वारं आलतं, अण्णा."

"वारं बरं रांगेत मांडतंय."

इतकंच. एवढी वर्षं इतकंच.

चांगुणाबाईच्या हातून किती रोपं गेली असतील? लाखांनी. सगळी दुसऱ्यांच्या रानात. तिच्या सासऱ्याच्या नावावर वीस गुंठे होते, पण पाण्यावाचून पडीक. गेल्या पावसाळ्यात गुंडेरावांनी नवीन बोअर मारला, पाणी चांगलं लागलं. त्यांनी होऊन विचारलं, "चांगुणा, आठवड्याला पाण्याची एक पाळी देतो. लावतीस का ऊस? पर जानेवारी सरायच्या आत लाव. मग मी पाळी दुसऱ्याला देऊन टाकीन."

तिनं रान नांगरून घेतलं, सऱ्या पाडून घेतल्या. वीस गुंठ्यांना अडीच हजार रोपं. साठ ट्रे. चन्नबसप्पांनी ट्रे दिले, भुसा दिला, बेण्यासाठी राखलेल्या प्लॉटातला ऊस दिला. त्यानंतर त्या प्लॉटातला उरलेला ऊस कारखान्याला तोडून गेला. म्हणजे त्या हंगामात पुन्हा डोळे मिळणार नव्हते. हे साठ ट्रे आले तर ऊस, नाही तर रान पुन्हा पडीक आणि पाणी दुसऱ्याचं.

ती डोळे भरत होती तेव्हा शैलश्रीनं विचारलं, "अक्का, ह्या रोपाला गाव कुठलं?"

"हितलंच," ती म्हणाली. मग कुणी ऐकलं असेल की काय, म्हणून तिनं इकडं तिकडं बघितलं.

नर्सरीचे दोनशे ट्रे आणि तिचे साठ एकाच दिवशी झाकले होते. आठव्या दिवशी तिनं पालथा हात घातला. "उद्या."

दुसऱ्या दिवशी येळवस होती. वर्षातली मोठी अमावस्या. सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, करतात, पूजा करतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून बसवतात, भाज्या-डाळी एकत्र शिजवलेली भज्जी आणि ताकातली आंबील वाढतात.

"अक्का, मी येते सकाळी," शैलश्री म्हणाली. "दोघी मिळून करू."

"तुज्या आईला पटंल का? पावनं येत्याल. तू जा रानात."

"मग निदान तुझे साठ आधी मांड. थकशील."

"न्हाई. आधी अण्णाचं. माजं मागून." आवाज खाली आणून म्हणाली, "न्हाई तर उद्या एकादं म्हणंल, चांगुणानं सोताचं मांडलं आन मालकाचं वाळवलं. आमच्या लोकास्नी असं म्हणायला कुनाला येळ लागत न्हाई, शैला."

शैलश्रीनं ढिगाच्या कडेचा सरकलेला दगड नीट लावला.

"तू दुपारी भज्जी घेऊन ये," चांगुणाबाई म्हणाली. "पूजा तुमची, भज्जी आपली. आन आंबील जास्त आण. मागच्या साली बाटली भरून आणलीस, अर्धी सोताच पिलीस."

"बारा वाजता येते."

"बघू की."

बारा वाजता रानात पाहुण्यांची पंगत बसली. भालकीचे मामा आले, त्यांच्यासोबत आणखी आठ जण. आई म्हणाली, एवढी पंगत वाढ, मग जा. ती पंगत उठली, दुसरी बसली. शैलश्रीनं डबा आधीच भरून कोपीत ठेवला होता. मधूनमधून ती त्याच्याकडे बघत होती. अक्का म्हणेल, आली का बाई माझी, म्हणून ती मनात उत्तरही जुळवत होती. नर्सरीत पोचायला साडेतीन वाजले.

चपला दारात होत्या.

दोनशे ट्रे मांडून झाले होते. ओळी सरळ होत्या. मागच्या कोपऱ्यात तिचे ट्रे. सव्वीस मांडलेले. त्यांच्या शेजारी चांगुणाबाई कुशीवर आडवी होती. शैलश्रीला वाटलं, ती ट्रेखालची मुळं बघते आहे. ती तशी आडवी होऊन बघायची.

"अक्का, शिव्या दे. पण आधी खाऊन घे."

मग तिनं डबा खाली ठेवला.

टेम्पोतून हुमनाबादला नेलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि पाहायचं थांबवलं. हृदय बंद पडलं म्हणाले. किती वेळ झाला, हे शैलश्रीनं विचारलं. का विचारलं, तिला माहीत नाही. ते म्हणाले, दोन तास तरी.

दोन तास. म्हणजे दोनच्या सुमारास. शैलश्रीनं हा हिशेब पुन्हा पुन्हा केला. तो बदलला नाही.

नागेश रात्रीच आला. सकाळी अंत्यविधी झाला. गावातली सगळी माणसं होती. चन्नबसप्पा शेवटपर्यंत उभे होते, पुढं आले नाहीत, मागंही गेले नाहीत. नंतरचे दोन दिवस शैलश्री घरात बसून होती. पुस्तक उघडायची आणि तेच पान धरून बसायची. एवढी वर्षं दुःखाबद्दल वाचलं, परीक्षेत उत्तरं लिहिली. त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

तिसऱ्या दिवशी जलदान विधी होता. वंदना झाली. माणसं पांगू लागली. गुंडेराव नागेशजवळ बसले. "बाबा, पाळीचं काय करू? आई जानेवारीत लावते म्हणालती."

"काय लावते?"

"ऊस. वीस गुंठ्यात."

नागेश त्यांच्याकडे बघत राहिला. "कुठला ऊस?"

तिनं त्याला सांगितलंच नव्हतं. रोपं लागली, हिरवी दिसली की बोलवू म्हणायची. शैलश्री समोरच होती. तेव्हा तिला साठ ट्रे आठवले. तोवर आठवले नव्हते.

दोघं नर्सरीत गेले. काम कालपासूनच सुरू झालं होतं. मांडलेल्या ट्रेना बायांनी पाणी दिलं होतं, अक्काच्या उघडलेल्या ट्रेनाही. ढिगाला मात्र कुणी शिवलं नव्हतं. ताडपत्री तशीच होती, कडेचे दगड तसेच.

"कामून न्हाई उघडलं?" शैलश्री ओरडली. ती कधी ओरडत नसे.

सिद्धव्वा नावाची वयस्क कामगार पुढं आली. "कुनाला इचारून उघडायचं, बाई? अण्णांनीच सांगितलंय न्हवं, चांगुणाला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई म्हणून."

चन्नबसप्पा मागंच उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

शैलश्रीनं ताडपत्री उचलली. आतून ऊब आली, आंबूस वास आला. कोंब वीतभर वाढले होते. दुधासारखे पांढरे. वाढायला जागा नव्हती म्हणून वरच्या ट्रेच्या तळाला टेकून वाकले होते, काही तर तळाच्या भोकांतून वरच्या कपात शिरले होते. पहिला ट्रे उचलला तसे आठ-दहा कोंब तुटले. त्यांचा आवाजही झाला नाही. नागेशनं दुसरा ट्रे दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर उचलला. तरी तुटलेच.

"आता?" तो म्हणाला.

"सावलीत. दोन दिवस."

"मग?"

"माहीत न्हाई."

"तुला सांगितलं असंल की तिनं."

"सावलीपर्यंतचं सांगितलं."

त्यांनी तेहतीस ट्रे मांडले. एकेक काढला, बाकीच्यांवर ताडपत्री ओढली. पुन्हा एक काढला. संध्याकाळ झाली. नागेश मध्येच बसला आणि एका कोंबाला बोट लावून म्हणाला, "ह्यातलं किती हिरवं व्हईल?" शैलश्रीला त्या दाण्यांबद्दल सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी काही पानांच्या टोकांवर हिरवं दिसू लागलं. तिसऱ्या दिवशी अकरा ट्रे वाचतील असं वाटलं. बाकीच्या बावीस ट्रेमधले कोंब आडवे पडले, मऊ झाले, मग तपकिरी. आधी उघडलेले ट्रे चांगले होते: मांडलेले सव्वीस आणि अक्काच्या हातात अर्धवट राहिलेला एक. सगळे धरून साठांपैकी अडतीस. साधारण बारा-तेरा गुंठे भरतील. गुंडेराव येऊन पाहून गेले. त्यांनी रोपांबद्दल मत दिलं नाही. "पाळी ठिवतो," एवढंच म्हणाले. नागेश जहीराबादला गेला. लावणीला सुट्टी काढून येतो म्हणाला.

शेडनेट कधी सरकवायचं, कडक उन्हात कधी न्यायचं, हे अजून ठरायचं आहे. चांगुणाबाई ट्रेकडे बघून ठरवायची. काय बघायची, ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. शैलश्रीनं कधी विचारलं नाही.

सत्ताविसावा ट्रे त्या दिवशी चांगुणाबाईच्या अंगाशेजारी होता, मांडलेल्यांत नाही आणि ढिगातही नाही. त्यातले सात डोळे उगवलेच नव्हते. चांगुणाबाई मेलेला डोळा काढून त्या जागी दुसरीकडचा उगवलेला बसवायची. नांग्या भरणं म्हणतात त्याला. चार कप तिनं भरले होते. कडेचा भुसा बोटानं दाबलेला होता. ती चार रोपं आता इतरांइतकीच हिरवी आहेत. पुढचे तीन कप उकरलेले आहेत, मेलेले डोळे काढून बाजूला ठेवलेले आहेत, आणि कप रिकामे आहेत.